तीन वाजताची नाडी

धुळ्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी नोकरीला लागले तेव्हा नर्सिंगचा कोर्स संपून मला वर्षही झालं नव्हतं. माझं घर जळगावला, पिंप्राळ्यात. धुळ्यात आम्ही तीन नर्सेस मिळून एका खोलीत राहायचो आणि पंधरा दिवसांतून एकदा मी पारोळ्यावरून जाणाऱ्या एस.टी.नं घरी जायची. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दवाखाना वीस खाटांचा. डॉक्टर सर्जन होते, वय पन्नाशीच्या आत, बोलणं मोजकं. भूल द्यायला शहरातल्याच एक डॉक्टर बाई यायच्या. आम्हा नर्सेसवर देखरेख करणाऱ्या एक मोठ्या सिस्टर होत्या. वीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढून त्या इथं आल्या होत्या.

त्या काळात आमच्याकडे गळ्याला गाठ आलेल्या बायका पुष्कळ दिसत. बऱ्याच जणी ती पदरानं झाकून आयुष्य काढायच्या. दुखत नसायचं, त्यामुळे घरातलेही लक्ष देत नसत. दवाखान्यात येईपर्यंत गाठ लिंबाएवढी असायची ती पेरूएवढी झालेली असायची.

मी सांगतेय ती बाई दोंडाईच्याकडच्या एका खेड्यातली. वय पंचेचाळीसच्या आसपास. अंगानं काटक, नऊवारी, डोक्यावरून घेतलेला पदर गळ्यापाशी घट्ट धरलेला. बरोबर नवरा होता. त्याच्या आयुष्याची बावीस वर्षं दोंडाईच्याच्या एका जिनिंगमध्ये गेली होती. कापसातून सरकी काढणाऱ्या त्या यंत्रांच्या आवाजानं त्याचे कान गेले होते. सगळे त्याला नाना म्हणत. आम्हीही म्हणू लागलो, आणि तिला अक्का.

डॉक्टरांनी गाठ तपासली, पाणी प्यायला लावून ती वरखाली होते का ते बघितलं. आडवं पडलं की दम लागतो आणि भाकरीचा घास अडकतो, असं अक्कानं सांगितलं. गाठ श्वासनळीवर दाब देऊ लागली होती. ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी नेहमीप्रमाणे काय काय होऊ शकतं ते सांगितलं. गाठीच्या मागून आवाजाची नस जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसू शकतो, बहुतेक वेळा परत येतो, पण कधी कधी येतही नाही.

अक्कानं नानाकडे बघितलं. मग म्हणाली, "डाक्टरसाहेब, मना आवाज गया तं यास्नं कसं व्हई? यास्ले फक्त मना आवाज समजस."

माझा आवाज गेला तर यांचं कसं होणार, यांना फक्त माझाच आवाज समजतो, असं ती म्हणत होती. शेजारी बसलेला नाना आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता आणि मान हलवत होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मी जपून करीन. पण गाठ ठेवली तर श्वासच राहणार नाही." मी तिथं केसपेपर धरून उभी होते. तिचं वाक्य मी स्पष्ट ऐकलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. गळ्याच्या सगळ्याच पेशंटना ते ती सांगत. "ऑपरेशननंतर गळ्यात आवळल्यासारखं वाटलं, श्वास घ्यायला जड झालं, तर आतमध्ये रक्त साठतंय असं समजायचं. तेव्हा सिस्टर तिथल्या तिथं टाके उघडतील. घाबरायचं नाही, हलायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उशाशी ट्रे ठेवायचा. कात्री, दोन चिमटे, हातमोजे, निर्जंतुक गॉज. माझी वाट बघायची नाही. आणि वरचे कातडीचे टाके काढून थांबायचं नाही. खाली स्नायूचे टाके असतात, तेही कापायचे. रक्त तिथं अडकतं."

मी मान हलवली. असे ट्रे मी आधीही भरून ठेवले होते. एकदाही उघडायची वेळ आली नव्हती.

सकाळी नऊला ऑपरेशन सुरू झालं. आज थिएटरमध्ये पडद्यावर आकडे दिसतात, बोटाला चिमटा लावला की रक्तात प्राणवायू किती आहे ते कळतं. आमच्याकडे तेव्हा त्यातलं काही नव्हतं. भूल देणाऱ्या बाईंचे डोळे, कान आणि बोटं हेच यंत्र. अक्काच्या छातीवर त्यांनी स्टेथोस्कोपचं तोंड चिकटपट्टीनं चिकटवलं होतं, त्याची नळी एका कानात. डाव्या हाताचं बोट कानाजवळच्या नाडीवर. मधूनमधून त्या नखं आणि ओठ बघायच्या आणि डॉक्टरांना विचारायच्या, "रक्ताचा रंग कसा आहे?" डॉक्टर म्हणायचे, "लाल आहे, छान आहे." त्या आकडे सांगत आणि दर पाच मिनिटांनी मी तक्त्यावर टिंब मारत होते. मध्ये एकदा नाडी एकदम मंदावली. "हात थांबवा," असं बाई शांतपणे म्हणाल्या. डॉक्टरांनी गाठ ओढायची थांबवली, अर्ध्या मिनिटात नाडी पुन्हा जागेवर आली. बाईंनी डोळ्यानंच खूण केली आणि काम पुढे सुरू झालं.

साडेअकराला टाके घालून झाले. गळ्यात एक बारीक नळी सोडून तिचं दुसरं टोक बाटलीत ठेवलं होतं, आतलं रक्त बाहेर यावं म्हणून. अक्का शुद्धीवर येऊ लागली तसं डॉक्टर खाली वाकून म्हणाले, "अक्का, गाव कोणतं?" तिनं गावाचं नाव सांगितलं. आवाज घोगरा होता पण उमटला होता. डॉक्टरांनी टोपी काढली आणि हात धुवायला गेले.

तिला आमच्या टेबलाजवळच्या खोलीत आणलं. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास आणि रक्तदाब, मग दर अर्ध्या तासानं, असा हुकूम होता. नाडी चौऱ्याऐंशी होती. एक वाजता डॉक्टर जेवायला घरी जाण्यापूर्वी बघून गेले. बाटलीत दोन चमचे रक्त होतं. "अगदीच कमी आहे," असं ते समाधानानं म्हणाले. मलाही बरं वाटलं.

मग मी नानाला उशाजवळ स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "नाना, यांच्या श्वासाचा आवाज यायला लागला, घरघर झाली, तर लगेच मला बोलवा." नानानं जोरात मान हलवली. मी निघून गेले. जो माणूस ऐकू शकत नाही त्याला मी कान देऊन बसायला सांगितलं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

दीडला नाडी शहाऐंशी. दोनला अठ्ठ्याऐंशी. अडीचला ब्याण्णव. भूल उतरतेय, दुखत असेल, असं मी धरून चालले. बाटलीतलं रक्त तेवढंच होतं.

पावणेतीनला पलीकडच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या बाईचं सलाइन शिरेबाहेर गेलं. हात सुजला होता. दुसरी शीर सापडेना. एका हातावर बघितलं, दुसऱ्या हातावर बघितलं, शेवटी पायाला मिळाली. तिला दुखत होतं आणि ती माझा हात सोडत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेलेले मी बघितले होते. हे एवढं करते आणि जाते, असं मनात म्हटलं.

तीन-वीसच्या सुमारास कोणीतरी मागून बाही ओढली. नाना होता. त्यानं स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरून दाखवला.

मी पळतच गेले. अक्का पलंगावर उठून बसली होती. दोन्ही तळहात गादीवर रोवलेले, मान पुढे काढलेली, तोंड उघडं. प्रत्येक श्वास आत घेताना अशी कर्कश शीळ वाजत होती की ती दारातच ऐकू आली. त्या शिळेतलं नानाला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती उठून बसलेली आणि तिचे डोळे बदललेले त्यानं बघितले, म्हणून तो उठला होता. गळ्याची पट्टी घट्ट ताणली गेली होती. मी ती सोडली तर खाली गळा फुगून आलेला. ओठ निळसर. बाटलीतलं रक्त मात्र होतं तेवढंच. नळी आतल्या गुठळीनं बंद झाली होती, आणि आम्ही सगळे त्या बाटलीकडे बघून खूश होतो.

"गयामा दाटस," अक्का कशीबशी म्हणाली. गळ्यात दाटतंय. त्यानंतर तिला बोलता आलं नाही.

मी वॉर्डातल्या मावशींना डॉक्टरांच्या घरी फोन करायला पिटाळलं. "भुलीच्या बाईंनाही बोलवा," असंही सांगितलं. मोठ्या सिस्टर मागच्या खोलीत हत्यारं उकळायला गेल्या होत्या, त्यांना हाक मारली. मग हातमोजे घातले.

कात्री उचलली. टाके कापायचे हे माहीत होतं, तरी मनात येत होतं की डॉक्टर पाच-दहा मिनिटांत येतील, थांबावं का. अक्काच्या ओठांकडे बघितलं आणि थांबले नाही. पहिला टाका कापला, दुसरा कापला, आणि माझं मनगट कोणीतरी घट्ट धरलं.

नाना होता. एक पोरगी बायकोच्या गळ्याला कात्री लावतेय आणि रक्त येतंय, एवढंच त्याला दिसत होतं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी जे सांगितलं त्यातलं त्याला काहीही समजलेलं नव्हतं. त्याचा पंजा कापसाच्या गाठी उचललेला, माझ्यानं तो सुटेना. मी ओरडून सांगत होते आणि ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

अक्कानं एक हात गादीवरून उचलला. नानाच्या बोटांवर ठेवला आणि ती बोटं एकेक करून माझ्या मनगटावरून काढली. तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली. नाना मागे सरकून भिंतीला टेकला.

कातडीचे उरलेले टाके निघाले. थोडं रक्त वाहिलं. श्वास तसाच. तेव्हा डॉक्टरांचं वाक्य आठवलं आणि मी खालचे टाके शोधले. चिमट्यानं धागा वर धरला आणि कापला. तिसरा टाका सुटला तशा आतून काळ्या गुठळ्या बाहेर आल्या, काळजाच्या तुकड्यांसारख्या, माझी ओंजळ भरेल एवढ्या. आणि शीळ थांबली. अक्कानं एक लांब श्वास घेतला, मग दुसरा. आतून ताजं रक्त झिरपत होतं त्यावर मी गॉज दाबून धरलं आणि तशीच उभी राहिले. मोठ्या सिस्टर एव्हाना आल्या होत्या. त्यांनी प्राणवायूचा मास्क लावला आणि मला फक्त एवढं म्हणाल्या, "दाबून धर. फार जोरात नको."

डॉक्टर स्कूटरवरून आले, पायात चपलाच होत्या. त्यांनी गॉज उचलून बघितलं, पुन्हा ठेवलं, आणि म्हणाले, "थिएटर." भूल देणाऱ्या बाई पाठोपाठ आल्या. गळा आतून सुजलेला असल्यानं श्वासाची नळी घालायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. एक बारीक रक्तवाहिनी बांधलेल्या धाग्यातून निसटली होती. ती पुन्हा बांधली, सगळं धुऊन घेतलं, नवी नळी सोडली. पाच वाजेपर्यंत अक्का परत पलंगावर होती.

या सगळ्यानंतर मी टेबलाशी बसून कागद पुरे करायला घेतले. तक्त्यावर अडीचची नोंद होती. तीनची जागा कोरी होती.

मोठ्या सिस्टर माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "तीनची राहिली का गं?"

"हो. सलाइन लावत होते."

"मग लिहून टाक. चौऱ्याण्णव, शहाण्णव, असं काहीतरी. पेशंट वाचलाय. उगीच कशाला."

त्या वाईट नव्हत्या. मला वाचवायला बघत होत्या, आणि असे कोरे चौकोन भरलेले मी कोर्स करतानाही बघितले होते. मी पेन टेकवलं. नऊचा आकडा अर्धा काढलाही. मग तो खोडला आणि शेजारी लिहिलं, "घेतली नाही." मोठ्या सिस्टर निघून गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी तक्ता वाचला. "का घेतली नाही?"

मी कारण सांगितलं. नानाला काय सांगून बसवलं होतं तेही सांगितलं.

"दीडपासून नाडी चढतेय," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव. एकेक आकडा बघितला तर काही वाटत नाही. ओळीनं बघायला हवं होतं. तीनला तू गेली असतीस तर शंभराच्या वर असती, आणि इतकी वेळ आली नसती."

"हो."

"ते रागावण्यासारखं आहे आणि मी रागावतोय. पुन्हा चालणार नाही. एकाच्या हातून दोन्ही होणार नसेल तर दुसऱ्याला हाक मारायची." मग तक्ता खाली ठेवत म्हणाले, "खोटा आकडा लिहिला असतास तर मी समजलो असतो की सगळं वीस मिनिटांत झालं. आणि बाटलीत रक्त कमी बघून मीपण निर्धास्त जेवायला गेलो होतो. तेही लिही."

मी लिहिलं. आपल्याविरुद्ध असं केसपेपरवर लिहून घेणारा डॉक्टर मी तोवर बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्काचा आवाज गेला होता. ओठ हलत होते, नुसती हवा येत होती. दोनदा श्वासाची नळी घातलेली, दोनदा गळा उघडलेला, सूज असेल, असं डॉक्टर म्हणाले. नस तुटलेली नाही याची त्यांना खात्री होती. आमच्यापैकी कोणालाच तेवढी खात्री नव्हती. नाना पलंगाजवळ बसून तिच्या ओठांकडे बघत राहायचा. ती खुणा करायची, तो त्या चुकीच्या समजून पाण्याऐवजी चादर द्यायचा. मग दोघंही थकून गप्प बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड पुसायला गेले तर तिनं ओठांभोवती बोट फिरवून दाखवलं. मुंग्या येत होत्या. थोड्या वेळानं हाताची बोटं आपोआप आवळून एकत्र यायला लागली. ती घाबरली, पण मी या वेळी कारण शोधत बसले नाही. डॉक्टरांना लगेच बोलावलं. त्यांनी तिच्या गालावर कानापुढे बोटानं टकटक केलं, तर ओठाचा कोपरा उडाला. गाठीजवळच्या बारीक ग्रंथींना धक्का बसला की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, असं त्यांनी समजावलं. कॅल्शियमचं इंजेक्शन शिरेतून अगदी सावकाश द्यायचं असतं, घाई केली तर हृदयावर जातं. डॉक्टर एका हातानं औषध सोडत होते आणि मी नाडी धरून मोठ्यानं मोजत होते. दहा मिनिटं लागली. बोटं हळूहळू उलगडली. अक्कानं मूठ उघडून मिटून बघितली, पुन्हा उघडली.

दहाव्या दिवशी ती घरी गेली. आवाज अजून कुजबुजण्याएवढाच होता. निघताना नाना माझ्याजवळ आला. स्वतःला नीट ऐकू येत नसल्यानं त्याचं बोलणं नेहमी मोठ्यानं असायचं, सगळा वॉर्ड बघत होता.

"पोरी, मी तुना हात धरा व्हता. राग नको धरजो."

राग नाही, असं मी हातानं सांगितलं. चूक माझी आधीची होती हे त्याला सांगायला हवं होतं, पण खुणेनं ते कसं सांगायचं मला कळलं नाही. मग तपासणीला ती दोघं पुन्हा येईपर्यंत ते मनात राहिलं. तेव्हा अक्काच्या मदतीनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि नेहमीसारखी मान हलवली. त्याला किती समजलं ते मी ठामपणे सांगू शकत नाही.

अक्का तपासणीला आली तेव्हा ऑपरेशनला दोन-अडीच महिने झाले होते. आवाज परत आला होता, मात्र पहिल्यापेक्षा जाड, पुरुषी वाटावा असा. मी विचारलं, "नानांना समजतं का?" ती हसली. "समजस. पयले दोनदा बोलनं पडे, आते एकदामाच समजस." पूर्वी दोनदा बोलावं लागायचं, आता एकदाच पुरतं. असं कसं झालं, ते मी डॉक्टरांना विचारलं. यंत्रांच्या आवाजानं गेलेल्या कानांना बारीक आवाजापेक्षा जाड आवाज बरा ऐकू येतो, असं ते म्हणाले.

अक्काबरोबर त्या दिवशी तिच्या गल्लीतली एक बाई आली होती. तिशीची, गळ्यावर तशीच गाठ, पदर तसाच घट्ट धरलेला. अक्कानं तिला माझ्यासमोर बसवलं, स्वतःच्या गळ्यावरचा आडवा व्रण उघडा करून दाखवला आणि मला म्हणाली, जे झालं ते बठ्ठं, सगळं सांग, काही लपवू नको.

मी सांगितलं. टाके उघडावे लागले ते, आवाज गेला होता तो, बोटं वळली होती ती. ऐकता ऐकता त्या बाईचा चेहरा उतरत गेला. ती डॉक्टरांना न भेटताच घरी गेली. अक्का माझ्यावर चिडली नाही, पण मला वाटलं, जास्त सांगितलं.

तीन आठवड्यांनी ती बाई आपल्या भावाला घेऊन आली आणि भरती झाली. ऑपरेशन झालं त्या दिवशी मी मोठ्या सिस्टरना सांगून बाकीची कामं दुसरीकडे दिली आणि दुपारभर तिच्या उशाशी स्टुलावर बसले. आधी तिच्या भावाशी पाठमोरी उभी राहून हळू आवाजात बोलले, त्याला ऐकू येतंय का ते बघायला. येत होतं. नाडी अठ्ठ्याहत्तर ते चौऱ्याऐंशीच्या मध्ये राहिली. संध्याकाळी तिनं चहा मागितला, आवाज स्वच्छ होता. सहाव्या दिवशी टाके काढले आणि ती दोंडाईच्याच्या गाडीनं घरी गेली.